भूल उतरेपर्यंत भीमाबाई

तुमच्या माणसाचं ऑपरेशन झालं. ट्रॉलीवरून त्याला बाहेर आणलं. त्यानं डोळे उघडले, तुमच्याकडे पाहिलं आणि चहा मागितला. सांगा, तुम्ही काय कराल?

द्याल ना? खोटं बोलू नका. मीही देणारच होतो. थर्मासचं झाकण काढून हातात धरलं होतं. त्या झाकणभर चहावर माझ्या बायकोचा जीव टांगला होता आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. मधे एक बाई आडवी आली. ही गोष्ट तिची आहे.

भीमाबाई तिचं नाव. आमच्या नागपुरातल्या एका मोठ्या सरकारी दवाखान्यात रोजंदारीवर आया. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. ज्यांना कळायला पाहिजे त्यांना बरोबर कळेल. माहेर मौद्याकडचं. छप्पन साली सासरच्या माणसांसोबत पायी चालत नागपूरला आली, दीक्षा घेतली, आणि पाचेक वर्षांनी नवऱ्याच्या पाठोपाठ इथंच राहायला आली. नवरा बळीराम मिलमध्ये. ही दवाखान्यात फरशी पुसायला लागली. ऑपरेशन थिएटरच्या बाहेर लांब व्हरांडा होता, तिथं चार खाटा. भूल दिलेले पेशंट उठेपर्यंत तिथं ठेवायचे. फरशी पुसता पुसता ही त्यांच्याकडे बघत बसे. भूलवाल्या डॉक्टरांच्या ते ध्यानात आलं. त्यांनी फडकं बाजूला ठेवायला लावलं आणि म्हणाले, "बाई, तू इथंच बस."

बस म्हणाले, पण बसायला काही दिलं नाही. तिनं औषधाचं रिकामं लाकडी खोकं उपडं केलं आणि त्यावर बारा वर्षं काढली.

तेव्हा भूल म्हणजे ईथर. तोंडावर जाळीचा मुखवटा, त्यावर कापड, आणि कापडावर बाटलीतून थेंब थेंब. पेशंट झोपायला वेळ लागे आणि उठायला त्याहून जास्त. उठताना ओकाऱ्या. कोणी शिव्या देई, कोणी रडे, एक पोलीस हवालदार तर गाणं म्हणत उठला. वास असा की भीमाबाईच्या लुगड्यातून तो जातच नसे. बळीराम म्हणायचा, "तू घरात आली का मले जांभई येते."

पेशंट खरोखर शुद्धीवर आला की नुसते डोळे उघडून पडला आहे, हे ओळखायची तिची स्वतःची रीत होती. डॉक्टर लोक विचारत, "नाव काय? कुठं आहेस?" भीमाबाई म्हणे, नाव तर पोपट पण सांगते. ती बाईला विचारायची, "वं माय, तुह्या नवऱ्याचं नाव काय?"

त्या काळातल्या बाया! मेल्या तरी नवऱ्याचं नाव घ्यायच्या नाहीत. घेतलंच तर उखाण्यात, तेही दहा जणींनी आग्रह केल्यावर. पण भुलीत असलेली बाई पटकन नाव सांगून मोकळी व्हायची. नाव सांगितलं की भीमाबाई खोक्यावरून हलायची नाही. आणि तीच बाई तासाभरानं लाजून पदर ओढायला लागली, "इश्श, असं काय विचारता" म्हणाली, की ही उठायची आणि म्हणायची, "आली वं, आली. न्या हिले वॉर्डात."

पुरुषांना वेगळा प्रश्न. "भाऊ, तुह्या घरात कोणाचं चालते?"

'बायकोचं' असं उत्तर आलं, की समजायचं अजून भूल आहे. शुद्धीवरचा माणूस इतकं खरं बोलत नाही.

आता माझ्याकडे येतो. मी नत्थूजी. गांधीबागेतल्या कापडाच्या गठाणी उचलल्या, गठाणींवरचे छापे वाचून अक्षरं शिकलो, आणि पुढं हमालांची संघटना बांधली. खिशात कोरा कागद आणि कानावर पेन्सिल. जिथं अन्याय दिसेल तिथं उभ्या उभ्या अर्ज. लग्न झालं त्या आठवड्यातच मी देवकीला सांगितलं, आपल्या घरात नवऱ्याचं नाव घ्यायचं. नवरा काही देव नाही. आधी ती अडखळली. मग अशी शिकली की सगळ्या मोहल्ल्याला माझं नाव पाठ झालं. "नत्थूजी, नळ आला, उठा! नत्थूजी, हे कागद चुलीत घालू काय?" मला त्याचा फार अभिमान होता. लोकांच्या घरी 'अहो', आमच्या घरी सुधारणा.

बहात्तर सालच्या फेब्रुवारीत देवकी सार्वजनिक नळावर घसरली आणि हाताचं हाड मोडलं. आत खिळा बसवावा लागेल म्हणाले. हाताचं तर ऑपरेशन, त्यात काय, असं मला वाटलं. आदल्या रात्रीपासून तिला उपाशी ठेवलं होतं. मी मात्र बाहेर टपरीवर दोनदा पोहे खाल्ले आणि तिच्यासाठी थर्मासभर चहा घेऊन व्हरांड्यात उभा राहिलो.

साडेअकराला तिला बाहेर आणलं. तोंड पिवळं, केस विस्कटलेले, हात प्लास्टरमध्ये. खोक्यावर बसलेल्या एका ठेंगण्या बाईनं तिची मान एका अंगाला वळवली आणि हनुवटीखाली दोन बोटं लावून बसली. मला वाटलं, ही काय मालिश करते आहे?

वीसेक मिनिटांनी देवकीनं डोळे उघडले. माझ्याकडे पाहून हसली. "चहा," म्हणाली.

मी थर्मास उघडला.

"थर्मास खाली ठेव गा भाऊ," ती बाई म्हणाली. मग देवकीकडे वाकली. "वं माय, तुह्या नवऱ्याचं नाव काय?"

"नत्थूजी," देवकी म्हणाली. गोड आवाजात, न थांबता.

"झोपेत हाय अजून."

"झोपेत?" माझं डोकं सटकलं. "तिनं चहा मागितला, नाव सांगितलं, आणखी काय पाहिजे तुले? दोनाचे पहाडे म्हणायला लावू?"

"नाव सांगितलं म्हणूनच तं म्हणतो, झोपेत हाय."

तिची रीत मला तिथंच कळली आणि मी आणखी भडकलो. "हे पाहा बाई, माझी बायको रोज माझं नाव घेते. आम्ही सुधारलेले लोक आहोत. तुमचे जुने नियम आम्हाले लावू नका!"

"सुधारणा मले नको शिकवू. छप्पन सालीच देव सोडून आलो आम्ही, तुह्या नावाचं काय मोठं?"

आवाज ऐकून सुमती सिस्टर आली. तिनं देवकीला हलवून विचारलं, "कसं वाटतं?"

"बरं वाटते," देवकी म्हणाली.

"मग शुद्धीवर आहे की. भीमाबाई, तू पलीकडची खाट बघ. आणखी एक पेशंट येतो आहे." सिस्टर आत गेली.

मी जिंकलो होतो. जिंकल्यावर गप्प राहायची मला सवय नाही. मी कानावरची पेन्सिल काढून दाखवली. "नाव काय तुझं? भीमाबाई? तुझ्या नावानं असा अर्ज देतो की उद्या कामावर राहणार नाहीस."

रोजंदारीवरच्या माणसाला ही धमकी म्हणजे काय असते, ते मला कोणी सांगायला नको होतं. हमालांसाठी मी हेच तर भांडत होतो. तरी बोललो.

ती उठली नाही. तिनं मला विचारलं, "रोज नाव घेते म्हणतो ना? कसं घेते?"

"म्हणजे?"

"म्हणजे, असंच गोड घेते काय?"

आयुष्यात देवकीनं माझं नाव गोड आवाजात कधीही घेतलं नव्हतं. पण हे परक्या बाईसमोर कबूल कोण करणार? मी झाकणात चहा ओतायला थर्मास वाकवला. तिनं आपला तळहात झाकणावर ठेवला.

"ओत माह्या हातावर," ती म्हणाली.

चहा कडक गरम होता. पहिली धार तिच्या बोटांवर पडली. तिनं हात हलवला नाही. मीच थांबलो.

आणि त्या क्षणी माझ्या ध्यानात आलं, देवकी बोलत नव्हती. डोळे मिटले होते. घशात आधी घरघर झाली, मग घरघर थांबली, आणि मग काहीच नाही. ओठ निळसर दिसायला लागले. मी नुसता उभा राहिलो. दहा हजार हमालांपुढं बोलणारा माणूस, हातात वाकडा थर्मास धरून.

भीमाबाईनं तिचा जबडा दोन्ही हातांनी वर उचलला आणि ओरडली, "सिस्टर!" देवकीनं मोठ्यानं श्वास ओढला, आणि पाठोपाठ ओकली. भीमाबाईनं तिला पूर्ण कुशीवर वळवलं. नुसतं कडू पिवळं पाणी. पोटात दुसरं काही नव्हतंच. सिस्टर नळी घेऊन धावत आली, घसा साफ केला. ओठांचा रंग परत आला.

नंतर डॉक्टरांनी मला शांतपणे समजावलं. भुलीत जीभ मागं पडते, श्वासाची वाट बंद होते. आणि पोटात चहा असता, तो वर येऊन फुप्फुसात गेला असता, तर हे बोलायला आपण दोघंच राहिलो असतो.

मी खोक्याशेजारी फरशीवर बसलो. थर्मास खाटेखाली ढकलला. भीमाबाईची बोटं लाल झाली होती. मला माफी मागायची होती, पण मला ते काम जमत नाही. मी म्हटलं, "बाई, हाताले बर्फ आणू काय?"

"बस चुपचाप. बायकोकडे पाह्य."

चार वाजता देवकीनं डोळे उघडले. पायाशी पाहिलं. "नत्थूजी," ती म्हणाली, "माह्या पायाजवळ चप्पल कोणं ठेवली? अक्कल हाय काय तुम्हाले?"

भीमाबाई हसत सुटली. "आली वं, आली! आता पाज चहा, घोट घोट."

चहा थंडगार झाला होता. देवकीनं त्यावरूनही मला ऐकवलं. इतकं गोड आयुष्यात काही ऐकलं नाही.

तो कोरा कागद मी त्याच दिवशी वापरला. भुलीतून उठणाऱ्या पेशंटजवळ कायम माणूस पाहिजे आणि भीमाबाईला कायम करा, असा अर्ज. तिला वाचून दाखवला. ती म्हणाली, "स्टूल पण लिही. खोक्याचा खिळा टोचते." दोन वर्षं भांडलो तेव्हा स्टूल आलं. कायम व्हायला आणखी तीन गेली. त्या पाच वर्षांत मी किती जणांशी भांडलो ते लिहिलं तर वेगळं पुस्तक होईल, आणि त्यात शिव्या फार येतील.

पुढं ईथर गेलं. हॅलोथेन आलं, पेशंट लवकर उठायला लागले. लोक म्हणत, आता बाई बसवायची काय गरज? भीमाबाई म्हणे, "औषध बदललं, जीभ तं तीच हाय." नव्या आयांना ती हनुवटी धरायला शिकवायची, आधी स्वतःच्या हनुवटीवर.

त्र्याऐंशी साली तिच्याच पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, त्याच दवाखान्यात. त्या दिवशी व्हरांड्यात खाटा चार, पेशंट सहा आणि आया एक. मी जाऊन तिच्या खाटेवरच बसलो आणि मान एका अंगाला वळवली, तिनं देवकीची वळवली होती तशी. बळीराम थर्मास घेऊन उभा.

तिनं डोळे उघडले. "बळीराम," ती लाडानं म्हणाली, "पाणी दे नं."

बळीरामचे डोळे भरून आले. त्यानं झाकण काढलं. मी माझा तळहात त्यावर ठेवला.

"नत्थूजी, ती मागून राहिली ना गा!"

"लाडानं मागून राहिली. झोपेत हाय."

पाऊण तास गेला. बळीराम माझ्याकडे पाठ फिरवून बसला. मग खाटेवरून आवाज आला, चांगला खणखणीत. "काहून बसला गा माह्या खाटेवर? स्टूल कोणासाठी मागितलं होतं?"

म्हणून सांगतो. तुमचं माणूस भुलीतून उठेल, गोड हसेल, काहीतरी मागेल. डॉक्टर सांगेपर्यंत थर्मास खाटेखाली ठेवा आणि ते माणूस तुमच्यावर नीट चिडेपर्यंत शेजारून हलू नका. आणि हनुवटी धरून बसलेली बाई दिसली, तर तिच्यावर ओरडायच्या आधी तिच्याखाली स्टूल आहे की खोकं, तेवढं वाकून बघा.