मी खोडलेली ओळ

नागापूरच्या एमआयडीसीत आमची कंपनी पाणीपुरवठ्याचे कंट्रोल पॅनेल बनवते. पॅनेल बनवणं हे माझं काम नाही. ते बनवायच्या आधी ज्या कागदावर सगळं ठरतं, तो कागद मी लिहिते. गिऱ्हाईकाला नेमकं काय हवंय, यंत्राने काय केलं पाहिजे, काय कधीही करता कामा नये, हे लोकांना भेटून, विचारून मी ओळीओळीने उतरवते. एका ओळीत एकच गरज. प्रत्येक ओळीला नंबर, ती कुणी सांगितली याचा रकाना आणि ती पुरी झाली हे कसं तपासायचं याचा रकाना. 'लवकर', 'पुरेसं', 'सोयीचं' असले शब्द चालत नाहीत, कारण त्यांची तपासणी करता येत नाही. नवीन माणूस कामाला लागला की आमचे सर त्याला माझा एखादा जुना दस्तऐवज वाचायला द्यायचे. मला त्याचा अभिमान होता.

तीनेक वर्षांपूर्वी मिरजगावच्या पुढच्या एका गावाचं काम आमच्याकडे आलं. विहिरीवरचा पंप, टाकी आणि गावात पाणी सोडायचे व्हॉल्व्ह, हे सगळं टायमरवर आणि मोबाईलवर चालवायचं होतं. गरजा लिहून घ्यायला मी एकटीच गेले. सकाळी सरपंचांनी ग्रामपंचायतीत बसवून त्यांचं म्हणणं सांगितलं. गावात तीस वर्षं एकच माणूस पाणी सोडतोय, पॅनेलची किल्ली त्याच्याच खिशात असते, तो आजारी पडला किंवा पाहुण्यांकडे गेला की गाव कोरडं. सरपंच हसत म्हणाले, "मॅडम, ती किल्ली तेवढी त्यांच्या खिशातून काढा. बाकी तुम्ही कराल ते बरोबर."

दुपारी मी त्या माणसाला भेटले. गावात सगळे त्यांना चाचा म्हणायचे, म्हणून मीही म्हणू लागले. साठीच्या आसपासचे, बारीक, पांढरी दाढी, पायजम्याच्या कडा कायम ओल्या. त्यांनी मला सगळा गाव पायी फिरवला. कोणत्या वस्तीचा व्हॉल्व्ह किती फेरे उघडायचा, हे त्यांना तोंडपाठ होतं. वरच्या वस्तीला सतरा फेरे, त्याहून जास्त उघडला तर खालच्या आळीत पाणी पोचत नाही. आधी चार फेरे उघडून थांबायचं, पाइपातली हवा निघून जाऊ द्यायची, मग पुढचे. मी भराभरा लिहून घेत होते. असा माणूस भेटणं म्हणजे माझ्या धंद्यात भाग्यच. माझी वही बघून तेही खुलले होते.

व्हॉल्व्ह जमिनीखालच्या चेंबरमध्ये होते. माणूस उभा राहील एवढा खड्डा, वर लोखंडी झाकण. तिथं उभं राहून ते म्हणाले, "ह्यात उतरायचं म्हंजी किल्ली माज्या खिशात पायजे. ती मी कुनालाच देत न्हाई. येवढं लिवा तुमी."

मी लिहिलं. माझ्या वहीत ती ओळ आहे. 'चेंबरमध्ये उतरताना किल्ली स्वतःकडे. कुणाला देत नाहीत.' त्या वेळी मी फक्त मान डोलावली आणि पुढच्या व्हॉल्व्हकडे चालू लागले. का, एवढं विचारायला हवं होतं. नवीन मुलांना पहिल्या दिवशी मी हेच शिकवते, की माणूस जे मागतो त्याच्यामागे काय आहे ते विचारा. त्या दिवशी मला विचारावंसं वाटलं नाही, कारण उत्तर मला सकाळीच मिळालेलं होतं असं मी धरून चालले होते. सरपंचांनी सांगितलं होतं ना. म्हाताऱ्याला किल्ली सोडवत नाही.

ऑफिसात येऊन मी दस्तऐवज लिहायला घेतला. सतरा फेऱ्यांची ओळ लिहिली, हवा जाऊ देण्यासाठी थांबायची ओळ लिहिली. 'कुणी सांगितली' या रकान्यात 'पाणी सोडणारे' असं लिहिलं. किल्लीची ओळही आधी लिहिली होती. मग सरपंचांची गरज लिहिताना ती आड आली. त्यांना किल्ली नको होती, कुठूनही मोबाईलवरून यंत्रणा हाताने चालवण्यावरून टायमरवर आणि टायमरवरून हातावर घेता यायला हवी होती. एकमेकींना छेद देणाऱ्या दोन ओळी दस्तऐवजात राहू देता येत नाहीत. अशा वेळी दोन्ही माणसांना फोन करून विचारायचं असतं. मी केला नाही. किल्लीची ओळ खोडली आणि माझ्याकडच्या कच्च्या यादीत तिच्यापुढे 'वैयक्तिक सवय' असा शेरा मारला.

मंजुरीच्या दिवशी ग्रामपंचायतीत सगळ्यांच्या सह्या झाल्या. चाचांनीही केली. त्यांनी कागद चाळला, बराच वेळ पानं उलटली, आणि मला विचारलं, "मी सांगितलेलं आलंय ना ह्यात?"

मी म्हणाले, "आलंय चाचा."

पॅनेल बसलं, गावाला टायमरवर पाणी सुरू झालं. सहा-सात महिने सगळं ठीक चाललं. चाचा आता ग्रामपंचायतीकडून देखभालीला होते. मग एका सकाळी वरच्या वस्तीच्या चेंबरमध्ये गळती काढायला ते उतरले. उतरण्याआधी पंपाच्या खोलीत जाऊन त्यांनी पॅनेल टायमरवरून काढून हातावर घेतलं होतं. आमच्या सूचनांच्या फलकावर लिहिलं होतं तसंच त्यांनी केलं. तिकडे पाणी आलं नाही म्हणून वरच्या वस्तीतल्या एका बाईंचा ग्रामपंचायतीत फोन गेला. क्लार्कने मोबाईलवर बघितलं, यंत्रणा हातावर दिसली, कुणाकडून तरी चुकून राहिलं असेल असं त्याला वाटलं. त्याने ती पुन्हा टायमरवर टाकली. व्हॉल्व्हची मोटर फिरली. चाचांचा उजवा हात तिच्या दांड्यावर होता.

दोन बोटं गेली. तिसरं वाचलं, पण ते वाकत नाही.

ग्रामपंचायतीने कंपनीकडे लेखी खुलासा मागितला. सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. समोर माझा दस्तऐवज उघडलेला होता. ते शांतपणे ओळी वाचत गेले. मग विचारलं, की आत माणूस असताना यंत्रणा बाहेरून सुरू होऊ नये, अशी काही गरज गावातून कुणी सांगितली होती का. माझी वही माझ्या हातात होती. ओळ कोणत्या पानावर आहे तेही मला माहीत होतं, कारण अपघाताची बातमी आली त्या दिवशीच मी ती उघडून बघितली होती.

"नाही सर," मी म्हणाले. "तसं कुणी सांगितलं नव्हतं."

सरांना मी खोटं बोलतेय असं वाटायचं कारणच नव्हतं. माझ्या दस्तऐवजावर त्यांचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास होता. त्यांनी तसंच पत्र लिहायला सांगितलं. ते पत्रही मीच लिहिलं. संबंधित व्यक्तीने गरजा गोळा करताना अशी कोणतीही बाब निदर्शनास आणून दिली नव्हती आणि दस्तऐवजावर त्यांची सही आहे, असं त्यात होतं. वाक्य स्वच्छ होतं. एकही शब्द संदिग्ध नव्हता.

त्यानंतर सरांनीच ठरवलं की पुढच्या सगळ्या पॅनेलना चेंबरजवळ किल्लीचा स्विच द्यायचा. किल्ली काढली की मोबाईलवरून काही म्हणजे काही चालणार नाही, आणि किल्ली उतरणाऱ्याच्या खिशात. ती ओळ मी लिहिली. 'कुणी सांगितली' या रकान्यात 'अंतर्गत सुधारणा' असं घातलं. पुढच्या वर्षी अकोल्याकडून, भंडारदऱ्याच्या बाजूच्या एका योजनेचे लोक पॅनेल बघायला आले. त्यांच्यातल्या एका वयस्कर इंजिनिअरने तो स्विच हातात घेऊन बघितला आणि म्हणाला, की हे ज्याला सुचलं तो माणूस कधीतरी स्वतः खड्ड्यात उतरलेला असणार. सर माझ्याकडे हात करून म्हणाले, "आमच्या मॅडमचं काम आहे."

मी हसले. त्या लोकांना चहा दिला, जेवायला घेऊन गेले. ते हसणं माझ्या तोंडावर कसं आलं, हे मला आजही कळत नाही.

पुढच्या रविवारी मी चाचांच्या घरी गेले. आगाऊ कळवलं नव्हतं. चाची अंगणात गहू निवडत होत्या. त्यांनी मला ओळखलं नाही, पण खुर्ची दिली. चाचांनी ओळखलं. त्यांनी डाव्या हाताने मला चहाचा कप दिला आणि कंपनीतल्या सगळ्यांची विचारपूस केली. उजवा हात त्यांनी पंच्याखाली ठेवला होता. मला दिसू नये म्हणून ठेवलाय हे लक्षात आलं तेव्हा मी मान खाली घातली.

बोलता बोलता त्यांनी घरातून एक कागद मागवला. ते माझंच पत्र होतं. ग्रामपंचायतीने त्याची प्रत त्यांना दिली होती. तो कागद मांडीवर ठेवून ते म्हणाले, "मी सांगितलं हुतं असं मला वाटतंय, ताई. पर मलाच नीट सांगता आलं नसंल. न्हाईतर तुमी तर समदं लिवून घेत हुता."

गावात लोक काय म्हणतात तेही त्यांनी सांगितलं. तीस वर्षं पाणी सोडलं आणि शेवटी निष्काळजीपणा केला, असं म्हणतात. कंपनीचा कागदच तसं सांगतो. ते रागाने बोलत नव्हते. दुसऱ्या कुणाची तरी हकिकत सांगावी तसं सांगत होते.

मी वही बरोबर नेली होती. पिशवीतून काढली आणि ते पान उघडून त्यांच्यासमोर धरलं. "चाचा, तुम्ही सांगितलं होतं," मी म्हणाले. "मी लिहूनही घेतलं होतं. नंतर मीच खोडलं. आणि साहेबांनी विचारलं तेव्हा मी नाही म्हणाले."

त्यांनी ती ओळ दोनदा वाचली. चाची गहू निवडायच्या थांबल्या होत्या. मला वाटलं ते मला जायला सांगतील. मला तेच हवं होतं, असंही असेल. त्यांनी वही मिटून माझ्याकडे दिली आणि विचारलं, "मंग ह्यो कागद बदलता यील का?"

आणखी काही मागितलं नाही.

सोमवारी सकाळी मी सरांच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले, की कंपनीचं पत्र कंपनी मागे घेणार नाही, वकील घेऊ देणार नाहीत. तू तुझ्या नावाने काय लिहायचं ते लिही, मी अडवणार नाही. पुढे ते एवढंच म्हणाले, की आता मला तुझा प्रत्येक दस्तऐवज वाचावा लागेल. ते वाचतात. आजही, प्रत्येक ओळ. आणि नवीन लोकांना माझी फाईल देणं त्यांनी बंद केलं.

पत्र लिहायला मला आठवडा लागला. पहिल्यांदा लिहिलं ते सवयीने इंग्रजीत लिहिलं, आणि अर्ध्यावर आल्यावर ध्यानात आलं की हे चाचांना वाचता येणार नाही. मग मराठीत लिहायला बसले. तिथंही वाक्यं आपोआप तशीच येत होती. 'सदर गरज नोंदवली गेली नाही.' 'ओळ वगळण्यात आली.' कुणी वगळली ते कुठंच येत नव्हतं. आमच्या दस्तऐवजात 'मी' हा शब्द नसतोच, आणि त्या पत्रात दुसरं काही नकोच होतं. शेवटी लिहिलं, 'त्यांनी मला सांगितलं होतं. मी ते लिहून घेतलं आणि नंतर खोडलं. अपघाताआधी त्यांनी सूचनेप्रमाणेच केलं होतं. कंपनीने विचारल्यावर मी खोटं सांगितलं.' वहीच्या पानाची झेरॉक्स जोडली आणि एक प्रत ग्रामपंचायतीला, एक चाचांना पाठवली.

सरपंचांचा फोन आला. पत्र मिळालं, फाईलला लावलंय, असं ते म्हणाले. त्यांचा आवाज थोडा अवघडलेला होता. त्यांनाही त्या पहिल्या सकाळचं किल्लीबद्दलचं बोलणं आठवत असेल की नाही, कोण जाणे. मी विचारलं नाही.

चाचांचा फोन चार-पाच दिवसांनी आला. ग्रामसभा होती, तिथं ते पत्र वाचायचं असं त्यांनी ठरवलं होतं. "तुमीच येऊन वाचलं तर बरं हुईल," ते म्हणाले. "लोकान्ला समोर मानूस दिसतंय."

मी म्हणाले, त्या दिवशी कंपनीत इन्स्पेक्शन आहे. इन्स्पेक्शन नव्हतं.

ते म्हणाले, बरं, काय हरकत न्हाई, कामाचं आधी बघा.

ग्रामसभेच्या दिवशी मी ऑफिसात बसून दुसऱ्या एका योजनेच्या ओळी लिहीत होते. दुपारी डबा उघडला तेव्हा त्यांचा फोन आला. शाळेतल्या गुरुजींनी पत्र वाचून दाखवलं होतं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि लोकांनी दुसऱ्यांदा वाचायला लावलं. कुणी काही बोललं का, असं मी विचारलं. ते म्हणाले, बोलले न्हाईत, पर ऐकलं समद्यांनी. सभा सुटल्यावर वरच्या वस्तीतल्या त्या बाई, ज्यांनी पाण्यासाठी फोन केला होता, चाचांपाशी येऊन उभ्या राहिल्या आणि रडल्या. त्या बाईंची त्यात काय चूक, असं चाचा मला दोनदा म्हणाले.

मग त्यांनी माझ्या इन्स्पेक्शनचं विचारलं. नीट झालं का म्हणाले.

मी हो म्हणाले.