मागच्या खोलीचा कागद

चिक्कडपल्लीतलं कौलारू घर घ्यायचं ठरलं, तेव्हा सुशीलाबाईंनी आरत्यांच्या वहीच्या शेवटच्या पानावर वकिलाला विचारायचे प्रश्न लिहून काढले. साल ब्याण्णव. यजमान हिम्मतराव विजेच्या खात्यात, रजा मिळायची मारामार. म्हणून वही पिशवीत घालून त्या एकट्याच गौलीगुड्याला गेल्या. बस अड्ड्यामागे एका कापडवाल्याच्या माडीवर मुकुंदराव वकील बसत. भांडणतंट्याचे खटले ते घेत नसत. घरांचे कागद तपासायचे आणि खरेदीखत करून द्यायचं, एवढंच त्यांचं काम. निजामाच्या वेळचे उर्दू कागद घडाघडा वाचणारे वकील शहरात मोजकेच उरले होते, त्यांतले ते एक.

"वहिनी, पक्षकार म्हणून आलात की परीक्षक?" वही बघून ते हसले. "विचारा, विचारा."

सुशीलाबाईंनी मान खाली घालून पहिला प्रश्न वाचला. "घर नामदेवरावांचं. आमच्याच भजनातले. मग वकील लागतोच का?"

"नामदेवराव सज्जन आहेत, मान्य. पण त्यांच्या वडिलांनी ते घर कुणाकडून घेतलं, त्यावर कधी कर्ज काढलं होतं का, हे त्यांना तरी कुठे ठाऊक? मी माणूस तपासत नाही वहिनी, कागद तपासतो."

"ते म्हणतात, त्यांचा वकील आहे, तोच दोघांचं बघेल."

"विकणाऱ्याला वाटतं, लवकर होऊ दे. घेणाऱ्याला वाटतं, नीट होऊ दे. एकाच माणसानं दोन्ही कसं वाटून घ्यावं?"

तीस वर्षांत घरावर कुणाचा बोजा चढला का, याचा दाखला निघायला महिना दीड महिना लागेल, असं त्यांनी सांगितलं. किल्ल्या नोंदणी झाल्यावरच घ्यायच्या. त्याआधी एक पाटसुद्धा हलवायचा नाही. बयाणा बेतानं द्यायचा, आणि कागदात खोट निघाली तर परत मिळेल असं पावतीवर लिहून घ्यायचं. सुशीलाबाईंनी प्रत्येक उत्तर पेन्सिलनं टिपून घेतलं. जिना उतरताना, देवळातून बाहेर पडल्यावर वाटतं तसं त्यांना हलकं वाटलं.

सहा आठवड्यांनी बोलावणं आलं. दाखला स्वच्छ होता. पण घर वडिलांच्या नावावर, आणि वडील मृत्युपत्र न करता गेलेले.

"नामदेवरावांना बहीण आहे ना? तिची सही आल्याशिवाय मी पुढे हात लावणार नाही," मुकुंदराव म्हणाले.

नामदेवराव भडकले. "रेणूच्या लग्नात सगळं केलंय मी! तिला काय करायचीत ही कौलं? दारात बिल्डर उभा आहे माझ्या. त्याला बरी कुणाची बहीण आठवत नाही!"

सुशीलाबाईंनी बावीस वर्षं भाड्याच्या खोल्यांत काढली होती. ह्या घराला तुळशीपुरतं अंगण होतं, देव मांडायला पूर्वेची भिंत होती. नामदेवरावांच्या भरवशावर न राहता त्या स्वतःच निजामाबादची बस धरून रेणूकडे गेल्या.

रेणूनं चहा टाकला, सगळं ऐकून घेतलं. "दादा का नाही आला?"

"कामात आहेत गं."

"वाटाबिटा नको मला, वहिनी. पण मागच्या खोलीत आईचा घट बसायचा. आई गेल्यापासून नवरात्राचे नऊ दिवस मी तिथं येते, त्या कोनाड्यापुढं दिवा लावते. तेवढं राहील का?"

"राहील का म्हणजे? खोली तुझीच समज. तुळजाभवानीची शपथ."

बाईमाणसाची सही असली की मुकुंदराव तिच्या भावाला, नवऱ्याला बाहेर पाठवत. नामदेवरावांनाही त्यांनी चहाला पिटाळलं. "ह्यांना राहू द्या," रेणू सुशीलाबाईंकडे बघून म्हणाली. वकिलांनी हक्कसोडपत्र सावकाश वाचून दाखवलं आणि विचारलं, "काही विचारायचंय, ताई?"

रेणूनं मागच्या खोलीचं सांगितलं.

मुकुंदरावांनी टाक उचलला. "मग हे कागदात घालू या. वर्षाला नऊ दिवस राहण्याचा हक्क, यांच्या हयातीपर्यंत. दोन ओळी वाढतील. घर पुढं कुणाकडंही गेलं तरी कागद बोलेल."

दोन ओळी म्हणजे पुन्हा टंकलेखन, म्हणजे आजची नोंदणी चुकली. खाली नामदेवराव येरझाऱ्या घालत होते. त्यांचं मन फिरलं तर? आणि खरं सांगायचं तर सुशीलाबाईंना थोडं लागलंही. देवीची शपथ घेतलेली, आणि वर पुन्हा कागद!

"देवीसमोर बोललेय मी, वकीलसाहेब. लिहायचं कशाला?"

"तुमच्या वहीत हा प्रश्न नव्हता, म्हणून मी विचारतोय वहिनी."

"नको. सही कर गं रेणू, उशीर होतोय."

रेणूनं ओठ दाबून एकेक अक्षर कोरलं. पहिल्या अक्षराची मात्रा पार वरच्या ओळीत जाऊन बसली.

पुढची सात नवरात्रं शब्द पाळला गेला. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी रेणू शेतातली माती आणि कडाकण्यांचा डबा घेऊन यायची. दोघी मिळून कोनाडा सारवायच्या. धान्याचे कोंब वर आले की रेणू लहान मुलीसारखी बोटांनी मोजायची. सुशीलाबाईंच्या मनात यायचं, बघा वकीलसाहेब, कुठं अडलं तुमच्या कागदावाचून?

सत्त्याण्णवला हिम्मतराव गेले. शेजारची घरं एकेक करून पडू लागली. मुलगा युवराज कॉम्प्युटरच्या कंपनीत लागला होता.

"आई, दोन फ्लॅट मिळतायत आपल्याला. लिफ्ट, चोवीस तास पाणी. आणि काय पाहिजे?"

"आणि रेणूची खोली?"

"नऊ दिवसांसाठी अख्खी बिल्डिंग थांबवायची? कुठल्या डॉक्युमेंटमध्ये आहे ते, दाखव मला."

दाखवायला काही नव्हतं. ह्या खेपेला गौलीगुड्याची माडी कुणी चढलं नाही. बिल्डरचा माणूस घरीच कागद घेऊन आला. "अम्मा, फिकर नक्को. हमारे वकीलसाब सब देख लिये. तुम खाली सही करो." सुशीलाबाईंनी वही काढली नाही. एवढंच विचारलं, "नवरात्र झाल्यावर पाडलं तर चालेल?" तो म्हणाला, "मशीन आ गई ना अम्मा." त्यांनी सही केली.

रेणूला कळवायला हवं होतं. तीन पोस्टकार्डं त्यांनी लिहायला घेतली, 'चि. सौ. रेणूस' याच्या पुढं हात जाईना. पितृपक्षात कसं लिहावं, म्हणून थांबल्या. मग पितृपक्षही सरला.

रेणू कधीही येईल म्हणून त्या घटस्थापनेच्या आदल्या दिवशी दुपारपासून जागेपाशी उभ्या होत्या. पत्र्यांच्या आड खड्डा होता. रिक्षातून रेणू उतरली, हातात डबा. पत्र्याच्या फटीतून तिनं आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"रेणू, मी तुला..."

"वहिनी, एक पोस्टकार्ड टाकायचं होतंत. मी तिकडंच देवळात बसवला असता घट."

"चल, भाड्याचं घर आहे, पण माझ्या घटाशेजारी तुझा बसवू."

"तुमचा घट तुमच्या कुळाचा. हा आईचा." तिनं खड्ड्याच्या काठची मूठभर माती रुमालात बांधली. "दादानं विकलं तेव्हा वाईट नव्हतं वाटलं. तुम्ही होतात ना."

ती आल्या रिक्षानंच इमलीबनच्या नव्या बस स्टँडवर परत गेली.

दसरा झाल्यावर सुशीलाबाई माडी चढल्या. मुकुंदरावांना आता कमी दिसायचं. आवाजावरून त्यांनी ओळखलं. सगळं ऐकून घेतलं. मी सांगत होतो, असं एका शब्दानंही म्हणाले नाहीत, आणि सुशीलाबाईंना तेच जास्त लागलं.

"आता होईल का कागद?"

"होईल. तुमच्या वाट्याच्या फ्लॅटातली एक खोली, नऊ दिवस, त्यांच्या हयातीपर्यंत. युवराजची सही लागेल." मग म्हणाले, "त्या येतील का, हे मात्र मला विचारू नका."

युवराज कुरकुरला. "आई, आता याचा काय यूज?"

"सही कर," त्या म्हणाल्या. "उशीर झालाय, तरी कर."

नोंदवलेली प्रत रजिस्टर पोस्टानं निजामाबादला गेली. उत्तर आलं नाही. बारा दिवसांनी पोस्टमननं पोचपावती आणून दिली, गुलाबी, पातळ. खाली रेणूची सही होती, एकेक अक्षर कोरलेली. पहिल्या अक्षराची मात्रा तशीच वर पळालेली. सुशीलाबाईंनी ती वहीच्या शेवटच्या पानात, प्रश्नांशेजारी ठेवली.

नव्या फ्लॅटातल्या मागच्या खोलीला कोनाडा नाही. दर भाद्रपदाच्या पहिल्या आठवड्यात त्या निजामाबादला एक पोस्टकार्ड टाकतात, आणि घटस्थापनेच्या आदल्या दिवशी खोली पुसून पाट मांडून ठेवतात. तीन वर्षं तो रिकामाच राहिला. चौथं नवरात्र जवळ आलंय. ह्या वर्षीचं पोस्टकार्ड परवाच टाकलं.