पायरीवरचं टपाल

"ए, तिथंच पायरीवर ठेव. अन् सई तूच मार."

आबासाहेब ओट्यावर सुपारी कातरत बसलेले. मी खाली उन्हात, हातात रजिस्टरचं पाकीट. अकोट तालुक्यातल्या आमच्या गावची मी डाकसेवक. टपाल ज्याचं त्याच्या हातात द्यायचं, त्यानं माझ्या मोबाइलवर बोटानं सही करायची, असा नियम. पण मी हात लावलेल्या काचेला ते कसं बोट लावणार? पाकीट मी पायरीवर ठेवायची. त्यांची सून त्यावर पाणी शिंपडायची, मग उचलायची. माझ्या डोळ्यांदेखत.

मग आबासाहेबांनी कुरिअरची एजन्सी घेतली. गावाची पार्सलं त्यांच्या दुकानाकडे वळली. स्पर्धा आहे म्हणे. असू द्या. पण कुरिअरवाला नाल्याच्या पुलाअलीकडेच थांबतो. आमची बौद्धांची वस्ती पलीकडे. शेजारच्या वच्छलामावशीच्या नातीचं फिटचं औषध त्यांच्या दुकानात पडून राहिलं. मावशी आणायला गेली. दुकानातला गडी म्हणाला,

"मालक जेवून राह्यले. मंग ये."

पुन्हा गेली तर दुकान बंद. संध्याकाळी पोरीला फिट आली ती चुलीपाशीच. हात भाजला. अजून मूठ वळत नाही.

इकडे आमच्या टपाल खात्याचे साहेब म्हणू लागले, तुमच्या शाखेला काम उरलं नाही, बंद होईल.

अशातच आबासाहेबांचा पासपोर्ट आला. पोराकडे परदेशी जायचं होतं. आता पासपोर्ट काही त्यांच्या कुरिअरनं येत नाही. तो सरकारी टपालानंच येतो, आणि ज्याचा त्याच्याच हातात द्यावा लागतो.

"ठेव पायरीवर."

"नाई ठेवत. हातात घ्या. सई बी तुमीच करा."

अडकित्ता थांबला.

"लय माजली काय वं? टपाल बंद पडून राह्यलं तुमचं. मंग तुमच्या वस्तीत कोन येते, पायतोच मी."

भीती वाटली. खोटं कशाला सांगू? पुलापलीकडे दुसरं कुणी येणार नाही, हे मलाही ठाऊक होतं. तरी पासपोर्ट पिशवीत टाकला आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाखेची लाल टपालपेटी नाल्यात पडलेली. साहेबांचा फोन आला, "गावाशी जमवून घ्या बाई." मी पेटी चिखलातून ओढून काढली, धुतली, परत टांगली. बघायला गाव जमलं होतं.

जमवून घेणार नाही. आबासाहेबांनी पासपोर्ट हातात घेतला नाही, तर आला तिथं परत जाईल. आणि साहेब, शाखेला कुलूप लावायला आलात, तर दारात आख्खी वस्ती बसलेली दिसेल. सगळ्यांच्या पुढं मी.