चावीवाल्याने न उघडलेलं दार

चावीवाल्याचं दुकान म्हणजे जिन्याखालची एक बोळकंडी. चावी कापायचं मशीन, भिंतीभर कोऱ्या चाव्या आणि एक स्टूल. गिऱ्हाइकाने उभंच राहायचं. पण त्याचं खरं काम लोकांच्या बंद दारांपुढे असायचं. गॅसवर दूध ठेवून कचरा टाकायला बाहेर आलेली बाई दार बंद झालं की त्याच्यावरच डाफरायची. एकदा एक प्राध्यापक नुसत्या टॉवेलवर जिन्यात अडकले होते. त्याने आधी स्वतःचा शर्ट काढून त्यांना दिला आणि मग बनियनवर बसून कुलूप उघडलं. घाईचा हात कुलपात काडी मोडतो, असं तो म्हणायचा. वीस वर्षांत त्याचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता.

घरी मात्र तो रोज संध्याकाळी सहा वाजता चढायचा.

त्याला कारण त्याची साडेसहा वर्षांची लेक. गालात घास साठवून ठेवायची म्हणून घरात तिला खारूताई म्हणत. वाढदिवसाला मामाने तिला टॅब दिला होता. मामाचं काय जातंय, तो लांब राहतो. टॅबवरच्या एका खेळात ती घरं बांधायची. विटा, खिडक्या, छप्पर आणि दारात मांजर. साडेपाच ते सहा एवढाच वेळ, असा आईचा नियम होता. पण सहा वाजता आई रक्त तपासायच्या लॅबमध्ये असायची, त्यामुळे नियम पाळायला लावणं बाबाच्या गळ्यात पडलं होतं. त्याने ‘बंद कर’ म्हटलं की खारूताई जमिनीवर आडवी. ती पाय असे आपटायची की खालच्या काकू काठीने छत ठोकायच्या. त्याने गोडीगुलाबी केली, बिस्किटं दिली, मामाला फोन लावायची धमकी दिली. शेवटी टॅब हिसकावून तो तिच्यापेक्षा मोठ्याने ओरडायचा, आणि मग दोघंही जेवेपर्यंत तोंड फुगवून बसायची.

एका मंगळवारी घराला छप्पर चढत असतानाच त्याने टॅबला हात घातला. खारूताईने तो छातीशी धरला, बाथरूममध्ये पळाली आणि आतून खटका दाबला.

चावीवाल्याच्या घरात दार लावून बसायचं म्हणजे माशापासून पाण्यात लपण्यासारखं. त्याने हत्यारांची पिशवी आणली, दाराच्या मुठीतल्या भोकात लोखंडी काडी घातली आणि दहा मोजायच्या आत दार उघडलं. आत खारूताई कोपऱ्यात बसली होती. ती रडायची थांबली होती आणि त्याच्याकडे बघत होती. त्या बघण्यात राग नव्हता. ती घाबरली होती. टॅब तिने न मागता पुढे केला. तो घेताना आपण जिंकलो असं त्याला वाटेना.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आत गेली, आणि या वेळी खटका दाबून वर कपड्यांचा टब दाराला लावला. कुलपाचा उपयोग नाही एवढं तिला कळलं होतं.

जेवण झाल्यावर भांडी पुसता पुसता त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती रागावली नाही. दिवसभर सुईला घाबरणाऱ्या माणसांचे हात धरायची तिला सवय होती.

“लोकांच्या दारात तू इतका शांत कसा राहतोस?” तिने विचारलं.

त्याने पुसलेलं ताट मांडणीवर ठेवलं. “ती त्यांची दारं असतात. मला काय.”

“मग हे तिचं दार आहे, असं धर.”

त्याला हे काही फारसं पटलं नाही. पण दुसऱ्या दिवशी पावणेसहालाच तो खारूताईशेजारी जाऊन बसला, तिच्या घरातलं मांजर कुठे झोपतं ते विचारलं, आणि सहाला पाच कमी असताना आठवण करून दिली. तिने मान डोलावली. सहा वाजता व्हायचं तेच झालं. किंकाळी, पळापळ, खटका, टब.

पिशवी घेऊन तो दाराशी गेला. हात शिवशिवत होते, कान तापले होते. त्याने पिशवीतून काडी काढली, पुन्हा आत ठेवली आणि दारापुढे जमिनीवर मांडी घालून बसला.

“मी दार उघडणार नाही,” तो म्हणाला. “तुला वाटेल तेव्हा तू उघड. मी इथेच आहे. टॅब मात्र आजच्यापुरता संपला.”

आतून दारावर आंघोळीचा मग आपटला. तू सगळ्यात वाईट बाबा आहेस, मी कधीच बाहेर येणार नाही, मी आता मामाकडे राहणार, असं बरंच काही ऐकू आलं. प्रत्येक वेळी तो नुसतं ‘बरं’ म्हणाला. दोनदा ओरडायला म्हणून त्याने तोंड उघडलंही, पण श्वास सोडून मिटलं. हातांना काहीतरी हवं म्हणून त्याने पिशवीतून दुरुस्तीला आलेलं एक गंजकं कुलूप काढलं. त्यात कुणाची तरी चावी मोडून अडकली होती. तेल सोडून तो ते कानशीने घासायला लागला.

तेवढ्यात खालच्या काकू वर आल्या. घराचं दार उघडंच होतं. बंद बाथरूमपुढे बसलेल्या चावीवाल्याकडे त्यांनी दोनदा नीट पाहिलं. “अडकलंय का हो? दुसऱ्या कुणाला बोलावू?”

“नको काकू. उघडेल आपोआप.”

काकू काळजीने मान हलवत गेल्या. माणसाचा हातगुण असा अचानक जातो, असं त्यांनी त्याच संध्याकाळी चार घरी सांगितलं.

हळूहळू रडण्याचे हुंदके झाले आणि हुंदक्यांची उचकी झाली. मग दाराच्या अगदी जवळून आवाज आला.

“बाबा, तू काय घासतोयस?”

“कुलूप. आत चावी मोडलीय.”

“निघेल?”

“बघू. दोन जणांचं काम आहे. एकाने धरायला हवं.”

टब सरकला. खटका वाजला. खारूताई बाहेर आली ती केस कपाळाला चिकटलेली, फ्रॉक भिजलेला. टॅब तिने त्याच्या मांडीवर ठेवला. “चार्जिंग मगाशीच संपलं होतं,” ती म्हणाली. “पण मला अजून रडायचं होतं.”

त्याला हसू आवरेना. मग तीही हसली, नाक ओढत. तिने दोन्ही हातांनी कुलूप धरलं आणि तो चिमट्याने तुकडा ओढायला लागला. तुकडा निघता निघेना.

साडेसातला आई आली तेव्हा दोघं अजून बाथरूमच्या उंबऱ्यावरच होती, कोपरापर्यंत काळी. आपल्याला बाथरूमला जायचंय, असं तिने तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा दोघं उठली.

त्यानंतर सगळं सुतासारखं सरळ झालं असं नाही. पुढच्या आठवड्यात तो दोनदा ओरडला. एकदा त्याने माफी मागितली, तर खारूताईने ती लगेच दिली नाही. विचार करून सांगते म्हणाली आणि झोपताना दिली. पण आता सहाला पाच कमी असताना ती स्वतःच छप्पर घालायची घाई करते. परवा ते राहिलं तेव्हा ती भरपूर रडली, पण सोफ्यावर, त्याच्या शेजारी बसून.