तीन कोऱ्या ओळी

दर गुरुवारी दुपारी दोन वाजता माझा फोन वाजायचा आणि पलीकडून काका विचारायचे, "मंगल खान, चष्मा सापडला का?" म्हणजे, कामाला ये. सात वर्षांचा हा नेम. सहा आठवड्यांपूर्वीच्या गुरुवारी दोनाचे अडीच झाले, तीन झाले. मी चष्मा लावून बसलेलीच होते. सव्वातीनला फोन आला तो त्यांच्या बायकोचा. "आज येऊ नकोस," ती म्हणाली. "सकाळी दुकानातच. पिठाची गोणी उचलायला वाकला होता." नवऱ्याला जाऊन म्हटलं, "काका गेले," तर शरद बिचारा पुण्याची तिकिटं बघायला लागला.

हे काका आमच्या पुण्याचे नव्हेत. हे कुर्द होते. त्यांच्यात थोरल्या भावाला काका म्हणतात आणि बाईच्या नावापुढे मानाने खान लावतात. मला खान म्हणतात हे कळल्यावर शरदने घरी महिनाभर कुर्निसात केले होते. डॅलसजवळच्या प्लेनोत ड्रायक्लीनरच्या शेजारी काकांचं नान-रोट्यांचं दुकान होतं. कुर्द लोक चार देशांत वाटले गेले आहेत. काकांचं गाव त्यातल्या कुठल्या देशात, ते मी लिहिणार नाही. का, ते पुढे येईलच.

दुकानाच्या गल्ल्यापाशी दर शुक्रवारी एक पत्रक ठेवलेलं असे. एकच कागद. एका बाजूला कुर्दी आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी, कारण इथे वाढलेल्या पोरांना कुर्दी वाचता येत नाही. हे दुखणं आपल्याला नवीन नाही. मी पहिल्यांदा नान घ्यायला गेले तेव्हा रांगेत उभ्या उभ्या ते वाचलं आणि पर्समधलं लाल पेन काढून इंग्रजीतल्या चुका सुधारल्या. आमच्या मराठी मंडळाचं वार्तापत्र मी एकोणीस वर्षं काढलंय, हात शिवशिवतात त्याला काय करणार! काकांनी कागद घेतला, खालीवर पाहिला आणि म्हणाले, "पुढच्या गुरुवारी या. चहा देईन, पैसे नाही."

मागच्या खोलीत पिठाच्या गोण्यांमध्ये एक घडीचं टेबल होतं. तिथे बसून काका तिकडे फोन लावायचे. एकच गोष्ट दोन माणसांनी स्वतंत्रपणे सांगितली तरच ती बातमी, हा त्यांचा नियम. आणि बातम्या तरी कसल्या? अमुक वस्तीत पाणी आठवड्यातून दोनदा आलं. वीज सहा तास होती. दवाखान्यात डॉक्टर आहे पण एक्स-रेचं मशीन बंद. सीमेवरचं फाटक बंद ठेवल्यामुळे टोमॅटोचे ट्रक उन्हात उभे, बाजारात भाव पडला. एकदा मी वैतागून म्हटलं, "काका, नळाला पाणी कधी आलं ही काय बातमी झाली?" आमचं बोलणं इंग्रजीत चालायचं, दोघांचंही मोडकंतोडकं. ते म्हणाले, "मोठ्या बातम्या द्यायला मोठी माणसं आहेत. माझ्या आईच्या नळाची कोण देणार?" त्यानंतर मी टोमॅटोच्या ट्रकांनासुद्धा लाल पेन मानाने लावलं.

आता माझी चूक. ती लिहिली नाही तर हा लेख खोटा होईल. आपल्या मंडळांत काम केलेल्यांना माहीत आहे, वार्तापत्रात एक वेळ तारीख चुकली तर चालते, पण आभारात नाव राहून चालत नाही. एका गणपतीत कोशिंबीर करणाऱ्या काकूंचं नाव माझ्याकडून राहिलं, तर त्या दिवाळीपर्यंत माझ्याशी बोलल्या नव्हत्या. तेव्हापासून चमचा धुणाऱ्याचंही नाव मी सोडत नाही.

तीन वर्षांपूर्वी काका एका लग्नासाठी ह्यूस्टनला गेले आणि पत्रक पहिल्यांदाच माझ्यावर सोपवून गेले. त्या आठवड्यातली मुख्य बातमी त्यांच्या बहिणीने दिलेली. ती तिकडे शाळेत शिक्षिका. शाळेतला कुर्दी भाषेचा तास बंद करण्याचा तोंडी हुकूम आला होता, कागदावर काहीच नाही. बातमी दुसऱ्या माणसाकडूनही पक्की झालेली होती. मी छान लिहिली. खाली जागा उरली. व्हिडिओवर दोनदा बोललेली ती हसरी बाई मला आठवली आणि मी मोठ्या प्रेमाने छापलं, 'माहितीबद्दल विशेष आभार', आणि त्यापुढे तिचं पूर्ण नाव आणि शाळेचंही. वाटलं, भावाच्या पत्रकात नाव बघून किती हरखेल!

काका शनिवारी परतले. मी दुकानातच होते, शाबासकीच्या आशेने. त्यांनी कागद उचलला, शेवटच्या ओळीशी थांबले. मग गल्ल्यावरचे सगळे कागद गोळा केले, गिऱ्हाइकाच्या पिशवीतलासुद्धा मागून घेतला. "नाव कोणी टाकायला सांगितलं?" त्यांनी हळू आवाजात विचारलं. मला अजून उमगलं नव्हतं. "कोणी नाही, काका. आभार नकोत का मानायला?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि बहिणीला फोन लावला. तिने उचलला नाही. कुणीतरी पत्रकाचा फोटो काढून आदल्या दिवशीच तिकडे पाठवला होता.

चार दिवस फोन लागला नाही. शाळेत दोन माणसं आली आणि तिला गाडीतून घेऊन गेली, एवढंच शेजारणीकडून कळलं. त्या चारही दिवशी मी सकाळी दुकानात जाऊन बसायचे, कारण घरी बसवत नव्हतं. काका नान भाजायचे, गिऱ्हाइकांशी बोलायचे आणि फोन वाजला की हात पुसायलाही थांबायचे नाहीत. स्क्रीनवर पीठ लागायचं... दर वेळी दुसराच कुणीतरी असायचा. त्यांच्या आईला अजून काही सांगितलेलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी मला रडू आवरलं नाही. म्हटलं, मला शिव्या द्या, हाकलून द्या, पण असे गप्प बसू नका. त्यांनी माझ्यापुढे चहाचा पेला ठेवला. "तू वाईट मनाने केलं नाहीस," ते म्हणाले. "तुला तुझ्या नावाची कधी भीती वाटली नाही, एवढंच." शिव्या परवडल्या असत्या.

पाचव्या दिवशी ती बोलली. घरी आली होती. कुणी हात लावला नाही, फक्त प्रश्न विचारले, म्हणाली. तिची बदली दूरच्या खेड्यात झाली, बसने दीड तास जाऊन दीड तास यायचं. अजूनही ती तसंच जाते येते. भावाला फोन माझ्याकडे द्यायला सांगून ती माझ्याशी बोलली. "नाव सुंदर छापलं होतंस. ठेवता आलं असतं तर कापून ठेवलं असतं." मला हे क्षमा केल्यासारखं वाटलं नाही आणि ती मी मागितलीही नाही.

वाटलं होतं, आता आपलं लाल पेन म्यान. पण गुरुवारी दोन वाजता फोन वाजला. "चष्मा सापडला का?" मी धावत गेले. एवढाच बदल झाला, की त्या दिवसापासून पत्रकाच्या तळाशी काका तीन ओळी कोऱ्या सोडायला लावू लागले. फूटपट्टीने मोजायचे. बातमी कापावी लागली तरी त्या तीन ओळी राहायच्या. "हे आभार," म्हणायचे. काही बायका त्या जागेत किराण्याची यादी करत. मी एकदा रागावून सांगितलं, तर काका हसले. "करू दे. तिथे कांदे लिहिलेले कुणाला धोक्याचे नाहीत."

ते गेल्यावर दहा दिवसांनी त्यांच्या बायकोने पत्रक काढायला बोलावलं. मुलगा आला होता, डॅलसमध्येच वाढलेला, डोळे सुजलेले. "आंटी, फुल नेम टाका, बिग फोटो, फ्रंट पेजवर. ही डिझर्व्ह्ज इट." त्याचं काय चुकलं? मलाही तेच हवं होतं. सात वर्षांत त्या माणसाचं नाव एकदाही छापलं गेलं नव्हतं, निदान आता तरी... पण गावात त्यांची नव्वदीची आई आहे, बहीण आहे, ती रोज त्या बसमध्ये बसते. पत्रक कोण काढत होतं हे तिकडच्या सरकारला अजून ठाऊक नाही. मी त्या मुलाला म्हटलं, "बेटा, नाव नाही टाकायचं." तो चिडला. "यू डिडंट इव्हन लाइक हिम?" म्हणाला. मग मी त्याला माझी जुनी चूक सांगितली. त्याला कुणी सांगितलीच नव्हती. तो पिठाच्या गोणीवर बसला आणि त्याने फोन हातात घेतला.

मग आम्ही दोघांनी फोन लावले. पाणी दोनदा आलं होतं. वीज पाच तास. फाटक उघडलं होतं आणि टोमॅटो हलले होते. दोघा माणसांनी तसं स्वतंत्रपणे सांगितलं. शेवटी फूटपट्टी मुलाने धरली.

हा लेख लिहितानाही त्यांचं नाव मी तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं. काका, जी बाई चमचा धुणाऱ्याचंसुद्धा नाव सोडत नाही, तिने तुमचं सोडलं आहे. तळाशी तीन ओळी कोऱ्या ठेवल्यात. मोजून.