ग्लोव्हज काढ, सुदाम

आठ गडी बाद झाले होते. सुदाम पॅड बांधून उठला, क्लबच्या थैलीतून ग्लोव्हज काढले आणि हातात घातले.

“ए, ते ठेव!” कर्णधार ओरडला. “घामानं भिजवशील. मग घालणार कोण?”

“बादलीभर गोमूत्र लागेल,” झाडाखालून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले.

सुदामनं त्यांच्याकडे बघितलंच नाही. त्यानं माझ्याकडे बघितलं.

सुदाम आणि मी एकाच वस्तीतले, एकाच मिलमधले. क्लबच्या मेंबरांना नागपूरच्या उन्हात बॉलिंग नको असायची, म्हणून आम्हाला घेतलं होतं. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन खेळपट्टीवर मॅटिंग ताणायचं, खिळे ठोकायचे, मग दिवसभर बॉल टाकायचे. मिलच्या टीममध्ये मी चौथ्या नंबरवर खेळायचो. शतकं मारलेली. इथं अकरावा. ऑलराउंडर म्हणून आणला आणि अर्धाच वापरला.

पॅड चालायचे. ते पँटवरून बांधतात. ग्लोव्हज नाही, तिथं कातडीला कातडी लागते. बॉल मात्र दिवसभर आमच्याच हातात. आम्ही थुंकी लावून घासलेला बॉल ते खुशाल झेलायचे. त्याचा विटाळ कुणालाच झाला नाही. मीही दोन वर्षं उघड्या हातांनी खेळलो. विचारलं नाही.

त्या मोसमात कर्णधार मला म्हणाला होता, “पुढच्या वर्षी तुला सहाव्या नंबरवर पाठवतो. निवड समितीवाले येतील. फक्त नीट राहा.”

मी नीट राहिलो. सुदामनं माझ्याकडे बघितलं तेव्हा मी बोललो. शब्द जसेच्या तसे लिहितो.

“काढ गा सुदाम. काहून नाटक करून राहिला? माही वाट लावशील.”

त्यानं काढले. सावकाश, एकेक बोट सोडवत.

दुसराच बॉल मॅटिंगवरून उसळला. उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट बॅटच्या दांड्यावर चेचलं गेलं. हाड वाकडं जुळलं. मिलमध्ये त्याचं काम तुटलेला धागा चिमटीत धरून सांधायचं. चिमूट जुळेना. मिलनं त्याला काढलं.

आणि मी? मी पुढच्या मोसमात सहाव्या नंबरवर आलो.

निवड समितीवाले खुर्च्यांवर बसले होते. कर्णधारानं स्वतःचे ग्लोव्हज माझ्यापुढे धरले. “घाल. पाहुणे बघताहेत, बरं दिसत नाही.”

मी घेतले. आतून ओले होते. त्याच्या घामानं.

मी म्हणालो, “आधी सुदामची माफी मागा. मग जातो.”

“माफी?” तो खरंच हसला. “अरे, शेवटी काढायला तूच लावलेस ना!”

मी ग्लोव्हज धुळीत टाकले, पॅड सोडले, फाटकाबाहेर पडलो. मागून अंपायर हाका मारत होता. पुन्हा कधी बॅट धरली नाही.

वस्तीत मी सांगितलं, कर्णधारानं सुदामचे ग्लोव्हज काढायला लावले, म्हणून मी क्रिकेटला लाथ मारली. माझं वाक्य तेवढं गाळलं. लोकांनी डोक्यावर घेतलं. सुदामनं ते ऐकलं आणि गप्प राहिला. आज पंधरा वर्षं झाली, गप्पच आहे. वाकड्या बोटानं सायकली दुरुस्त करतो. मी त्या दुकानावरून जात नाही, लांबून वळसा घालतो.

त्या लोकांवरचा माझा राग कमी झालेला नाही. होणारही नाही. माझ्या कबुलीनं त्यांचा गुन्हा हलका होत नाही. पण त्यांना सुदामच्या हाताला हातही लावावा लागला नाही. ते काम त्यांनी माझ्या तोंडून करून घेतलं, आणि मी एका नंबरासाठी ते करून दिलं.

येत्या रविवारी वस्तीतल्या विहारात माझा सत्कार आहे. स्वाभिमानासाठी खेळ सोडला म्हणून. मी जाणार. शाल घेणार नाही. आपल्या माणसाला उघड्या हातांनी मैदानात मीच पाठवलं, हे माइकवरून सांगणार. सुदाम उठून गेला तरी थांबणार नाही. आधी माझं नाव घेईन. मग कर्णधाराचं. मग झाडाखाली हसलेल्या प्रत्येकाचं, आडनावासकट.