धर्मराजच्या घरात आलेला लोखंडी कावळा

धर्मराज वाहुळ तळोज्याला रंगाच्या कारखान्यात कामाला होता. कारखान्यात त्या दिवशी कुठला रंग निघाला हे विचारायला कुणाला लांब जावं लागत नसे, त्याचे कान बघितले की झालं. कितीही साबण घासा, कानामागचा रंग जायचाच नाही. नवीन पनवेलच्या बैठ्या घरांच्या ओळीत तो संध्याकाळी सायकलवरून शिरला की ओट्यावर बसलेल्या बाया विचारायच्या, "भावजी, आज हिरवे का?" आणि तो सायकल न थांबवता सांगायचा, "हिरवा संपला, उद्यापासून जांभळा!" असा हा माणूस. बहात्तरच्या दुष्काळात बीडकडचं गाव सोडून आला, आधी या नव्या शहराच्या रस्त्यांसाठी खडी फोडली आणि मग त्याच रस्त्यांवरून सायकल मारत कारखान्यात जाऊ लागला. शिक्षण चौथी, पण विहाराच्या कमिटीचा चिटणीस. भाषणाला उभा राहिला की ऐकणाऱ्याला उठू द्यायचा नाही.

भाषण तसं एकच होतं. अंगात येणं खोटं, हे ते भाषण. आणि तो ते कुठल्या पुस्तकातलं वाचून बोलत नव्हता.

त्याचा बाप गोटीराम मरीआईचा पोतराज. कमरेपर्यंत केस, कपाळभर कुंकू, हातात आसूड. बाप दारोदार घुमायचा आणि लहानगा धर्मराज मागं उभा राहून हलगी वाजवायचा. आता हलगी वाजवणाऱ्याला एक गोष्ट कळते जी बघणाऱ्याला कळत नाही. ठेका चढवला की देवी येते, ठेका उतरवला की जाते. एकदा काय झालं, एका दारातल्या म्हातारीनं पोराच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. पोर दहा वर्षांचं, सकाळपासून उपाशी. त्यानं काठ्या काखेत मारल्या आणि गूळ तोंडात टाकला. हलगी बंद! गोटीरामनं दोन गिरक्या तशाच कोरड्या घेतल्या. मग केसांच्या आडून देवीनं एक डोळा उघडला आणि हळूच म्हणाली, "वाजव की रं मुडद्या!"

हे सांगितलं की विहारात माणसं हसून लोळायची. पण पुढचं सांगताना धर्मराजचा आवाज बदलायचा. छप्पन साली गावानं धम्म घेतला, तेव्हा गोटीरामनं सगळ्यांसमोर ते कमरेएवढे केस कापून दिले, देव टोपलीत घालून नदीत सोडले आणि सोळा वर्षांच्या पोराला म्हणाला, "आता आपल्या घरात कुणाचं डोकं घुमायचं नाय. मी मेल्यावरबी नाय." बापाची इस्टेट म्हणाल तर एवढं एक वाक्य.

तर अशा माणसाच्या घरात शहाऐंशी साली काय झालं ते ऐका.

धर्मराजचा एकुलता एक मुलगा अरविंद. पनवेलच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. अभ्यासात बरा, बोलायला गोड, आईला पाणी भरून देणारा. घरात रेडिओ आणि टेप एकत्र असलेला टू-इन-वन होता, धर्मराजनं भीमगीतं ऐकायला आणलेला. त्या टू-इन-वनवर पोरगा कॉलेजातल्या दोस्ताकडून आणलेल्या विलायती कॅसेटी लावायला लागला. बँडचं नाव आयर्न क्रो. धर्मराजनं नावाचा अर्थ विचारला. पोरगा म्हणाला, "लोखंडी कावळा."

"मग कावळा गातो का?"

"नाय बाबा, माणसं गातात."

"मग कावळा काय करतो?"

"काही नाही करत. नाव आहे ते."

धर्मराजला हे तिथंच कळेनासं झालं. पण म्हटलं, असेल. पोरं आपली नव्या तऱ्हेची. एवढ्यात अरविंदनं केस वाढवले. आधी कानावर आले, मग मानेवर. सगुणा, म्हणजे धर्मराजची बायको, म्हणाली, "अवं, फॅशन हाय." तेही चाललं.

मग एका शनिवारी धर्मराज पहिल्या पाळीहून जरा लवकर घरी आला. खिडकी उघडी. आतून दाणदाण ढोल आणि कुणाच्या तरी गळ्याला फास लागल्यासारखी किंकाळी. त्यानं डोकावून बघितलं आणि सायकल हातातून सुटून नालीत गेली. घराच्या मधोमध त्याचा पोरगा पाय फाकून उभा, डोळे मिटलेले, केस मोकळे सुटलेले, आणि डोकं असं वरखाली, वरखाली, गोल, परत वरखाली. भिंतीवर नवीन चिकटवलेलं चित्र. त्यात चार बाप्ये, चौघांचे केस कमरेएवढे, तोंडं पांढऱ्या-काळ्या रंगानं फासलेली, एकाची जीभ हनुवटीपर्यंत बाहेर. आणि चौघांच्या पायाशी, मोठ्या शिंगांचा, बोकड.

धर्मराज ओट्यावर मटकन बसला. मरीआईला लागणारा बोकडच तेवढा राहिला होता, तोही आला.

संध्याकाळी त्यानं पोराला समोर बसवलं. "अरविंद, खरं सांग. कवापासनं येतंय?"

"काय?"

"अंगात."

पोरगा हसला. "काय बाबा! ह्याला हेडबँगिंग म्हणतात. सगळं जग करतं."

"जग करू दे. बोकड कुणाला कापायचा हाय?"

"कुणाला नाही कापायचा!"

"मग चित्रात कशाला बसवलाय? बोकड नुसता बसवून कोन ठेवतं?"

"ते डेकोरेशन आहे बाबा. टेन्शन नका घेऊ."

टेन्शन न घेऊन कसं चालेल? खिडकी उघडी होती आणि शेजारच्या दुर्गाबाईनं सगळं बघितलं होतं. दुर्गाबाईनं बघितलं म्हणजे ओळीच्या टोकापर्यंत गेलं. चिटणीसाच्या घरात घुमतंय! धर्मराजला लोकांचं तेवढं नव्हतं. त्याच्या डोळ्यांपुढं बाप उभा राहत होता, कात्रीखाली मान वाकवून बसलेला. तो तिरीमिरीत बोलला, आणि बोलून गेल्यावर त्यालाच कळलं की फार बोललो, "पुढच्या आयतवारपर्यंत केस कापून ये. नायतर ह्या घरात राहू नगंस."

अरविंद उठला. "केस नाही कापणार. मी सदूकडं जाऊन राहीन." सदू म्हणजे तोच तो कॅसेटवाला दोस्त.

आठवडा असा गेला की घरात चमचा पडला तरी तिघं दचकायची. धर्मराज कामावर जायचा, रंगाच्या पिंपापाशी उभा राहून विचार करायचा. हा पोरगा खोटं बोलणारा नाही. मग खरं काय? त्यानं पोर बाहेर गेल्यावर त्याची ट्रंक उघडून बघितली. लिंबू नाही, हळद-कुंकू नाही, अंगारा नाही. कॉलेजच्या वह्या, कॅसेटी आणि आईनं विणलेला स्वेटर. काही उलगडा होईना. शेवटी त्याला सुचलं ते त्याच्या जुन्या धंद्यातलं. परीक्षा ठेक्याची! ज्याच्या अंगात खरोखर काही असेल तो ठेका थांबला तरी थांबायचा नाही. जो ठेक्यावर चालतो तो थांबेल.

शनिवारी दुपारी पोरगा घुमायला लागला तसा धर्मराज मांजराच्या पावलानं आत गेला आणि ऐन रंगात त्यानं टू-इन-वनचं बटण दाबलं. खट्ट!

डोकं जागच्या जागी थांबलं. "बाबा! काय हे! गिटारचा सोलो चालू होता!"

धर्मराजनं बटण पुन्हा दाबलं. पोरगा बावरून बघत राहिला. "हलव," बाप म्हणाला. "काय?" "डोकं हलव रे, मी बघतोय." पोरानं बिचकत हलवलं. खट्ट. थांबलं. पुन्हा चालू. पुन्हा हललं. चारदा झालं. धर्मराजच्या तोंडावर असं समाधान पसरलं की अरविंदला वाटलं, बापाचंच काहीतरी बिघडलं.

"देव नाय," धर्मराज ओरडला, "सगुणे, देव नाय!"

सगुणा पोळपाट ठेवून बाहेर आली. "म्या कवा म्हनलं हाय म्हनून?"

पण समाधान फार टिकलं नाही. देव नाही, तर मग डोकं कुणासाठी हलवतो? गोटीराम हलवायचा, तर सुपात दाणे पडायचे. ह्याच्या सुपात काय पडतं? त्यानं विचारलं. अरविंद म्हणाला, "काही नाही पडत. मजा येते."

"कुणाला?"

"मला!"

"आन बघणाऱ्याला?"

"बघणारा कशाला पाहिजे?"

शेहेचाळीस वर्षांच्या आयुष्यात त्यानं शेकडो डोकी घुमताना बघितली होती, निम्म्यांना त्यानंच घुमवलं होतं, पण बघणारा नको म्हणणारं डोकं पहिलंच. पोरगा बाहेर गेल्यावर सगुणा त्याच्यापाशी येऊन बसली आणि हातावरचं पीठ झाडत म्हणाली, "मला ठाव हाय ते."

"तुला काय ठाव?"

"म्या बी घुमायची की. बारा वर्साची हुते तवर. जट हुती मला. तुमाला म्हाईत हाय."

"जट माहीत हाय. ती धम्म घेतला तवा कापली."

"घुमताना काय वाटायचं ते कुटं इचारलं तुमी?" ती हसली. "देवीबिवी काय दिसली न्हाय मला कवा. पन डोकं असं हलकं हुयाचं बगा, कापसावानी. दिसभर गवऱ्या थापून, पानी भरून जीव कावलेला आसायचा. घुमून झालं की झोप काय लागायची! बाबासायबांसाटी सोडलं, त्याचं वाईट न्हाय वाटत. पन देव नसतानाबी असं हलवता येतं, हे काय आपल्याला कुनी सांगितलं न्हाय."

चोवीस वर्षांचा संसार, आणि ही गोष्ट धर्मराजच्या कानी पहिल्यांदा पडली. विहारात तो अंगात येणाऱ्या बायांची नक्कल करून दाखवायचा तेव्हा पुढच्याच रांगेत ती बसलेली असायची, आणि हसायचीसुद्धा. का हसायची कोण जाणे.

रविवारी सकाळी वंदना झाली आणि कमिटीचे अध्यक्ष पोपटराव हिवराळे उभे राहिले. पोपटराव शांत माणूस, पण शब्दाचा पक्का. "वाहुळ, कानावर आलंय ते खरं का खोटं, तुमच्या तोंडून ऐकू द्या."

धर्मराज उठला. सवयीनं घसा साफ केला, पण रोजचं भाषण काही येईना. "जय भीम. मह्या घरात डोकं हलतं, हे खरं हाय. पन ते देवाचं नाय. म्या सोता बटन दाबून चारदा तपासलंय. ठेका थांबला की थांबतं."

"मग कशाचं हाय?" पोपटराव म्हणाले.

"कावळ्याचं. लोखंडी."

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. मागून दुर्गाबाई म्हणाली, "आन त्यो बोकड?"

"डेकोरेशन हाय."

"तोंडाला रंग फासलाय त्यांनी."

"तसा तर मह्याबी कानाला हाय."

कुणीतरी खुसकन हसलं आणि मग सगळ्यांची भीड चेपली. प्रश्नांवर प्रश्न. ते लोक बामण का कोण? त्यांनी एवढे केस राखायला कुणाला नवस केलाय? ओरडतात ते भांडण आहे का गाणं? त्यांच्या आया जिवंत आहेत का, आणि असल्या तर त्या काही बोलत नाहीत का? एका म्हातारबानं विचारलं, गाण्यात तक्रार कसली आहे, मालकाची का बायकोची? धर्मराज प्रत्येकाला "विचारून सांगतो, विचारून सांगतो" म्हणत राहिला. शेवटी पोपटरावांनीच हात वर केला. "वाहुळ, देव नाय हे लेखी द्याल?"

"सही करून देतो. देव नाय, एवढंच मला कळलंय. बाकी कायबी कळलं नाय, हेबी त्यातच लिहून देतो."

आणि खरोखर वहीत तसं लिहिलं, खाली सही केली, धर्मराज गोटीराम वाहुळ.

घरी आला तर ओट्यावर पोरगं. पायाशी रेक्झिनची बॅग, वर कॅसेटींचा डबा दोरीनं बांधलेला. सगुणा दारात डोळ्याला पदर लावून.

"कुठं निघालास?"

"रविवार ना आज," अरविंद खाली बघत म्हणाला. "केस काही मी कापलेले नाहीत."

धर्मराजनं चपला काढल्या. माफी मागायची त्या घरात कुणाला सवय नव्हती. तो पोराच्या शेजारी ओट्यावर बसला आणि बॅगेवर हात ठेवला. "जा म्हनलं तरी जाता येनार नाय तुला. लोकांनी अकरा प्रश्न विचारलेत. सगळ्यांना सांगून आलोय, विचारून सांगतो म्हनून. पयला प्रश्न. त्यांच्या आया जिवंत हायेत का?"

अरविंदनं मान वर केली. बाप थट्टा करतोय का हे त्यानं नीट बघितलं. थट्टा नव्हती. "मला... नाही माहीत, बाबा."

"आठ दिस चित्र लावून ठेवलंय आन त्यांच्या आईची चौकशी केली नाय? बरं, ते राहू दे. दुसरा. ते ओरडत्यात ते कुणावर?"

"कुणावर म्हणजे... बाबा, ते सरकारवर आहे. आणि फॅक्टरीवर. गायकाचा बाप फॅक्टरीत होता. धूर, भोंगा, पाळी, ते सगळं आहे गाण्यात."

"कसली फॅक्टरी?" धर्मराज सावरून बसला. "रंगाची?"

"लोखंडाची असेल. माहीत नाही."

"हे बी माहीत नाय! लाव, लाव ते. कुठं धूर हाय ते मला बोट ठेवून दाखीव."

अरविंदनं डब्याची दोरी सोडली, एक कॅसेट आत नेऊन टू-इन-वनवर लावली आणि परत ओट्यावर येऊन बसला. आतून पुन्हा ती दाणदाण सुरू झाली आणि बाप कान पुढं करून, कपाळाला आठ्या घालून ऐकत बसला. "हे भोंगा का?" "नाही, ही गिटार." "मग हा भोंगा?" "ही पण गिटार." "तुमच्याकडं सगळं गिटारच हाय का रे?" इकडं सगुणानं ओट्यावरची बॅग उचलली, आत नेली, आणि त्यातले शर्ट एकेक काढून खुंटीला अडकवायला लागली.